अक्का काय मागत होत्या?

पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. आधी तो डोक्यावर असतो, मग बाहेरच्या खोलीत, मग शेजारच्यांच्या घरात गेल्यासारखा वाटतो. जेवणं झालीत, भांडी घासून झालीत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडले आहे. हे बाहेर पेपर वाचत बसलेत. पान उलटल्याचा आवाज येतो. थोड्या वेळानं पुन्हा येतो, पण आता तो कागदाचा नसतो. ओट्यावरून कुणीतरी एखादं भांडं सरकवावं तसा असतो.

डोळे उघडावेत असं वाटतं, पण पापण्या ऐकत नाहीत.

दुपारच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात कुणी जात नाही. अक्का होत्या तेव्हा त्या जायच्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, रत्नमाला. मी लग्न होऊन बार्शीला आले तेव्हा या घरात स्वयंपाकघर त्यांचं होतं आणि बोलणंही त्यांचंच. मूलबाळ नव्हतं. भाऊजी गेल्यावर त्या आमच्याबरोबरच राहिल्या. त्यांच्या बोलण्याची सगळ्या गल्लीला धास्ती होती. दूधवाला आमच्या दारी सगळ्यात शेवटी यायचा, कारण एकदा इथं अडकला की पुढच्या घरचं दूध नासायचं. मला नवलच वाटायचं, की एका बाईला सांडशीबद्दलसुद्धा इतकं काय काय बोलता येतं.

मग एके सकाळी चपात्या लाटता लाटता त्या बसल्या जागी कलल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता. "असं." पाणी हवं असलं तरी असं. पाय दुखला तरी असं. देवाला हात जोडायचा, तोही एकच, तरी असं. दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक मुलगी होती. ती पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवायची. सफरचंद, होडी, छत्री. "आजी, हे काय आहे, सांगा बरं?" अक्कांनी एक दिवस होडी उचलली आणि खिडकीतून भिरकावली.

घरी आल्यावर त्यांनी मला खुणेनं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढायला लावलं. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हातानं, मूठ आवळून पेन्सिल धरून, त्यांनी काहीतरी काढलं. खाली फुगीर, वर निमुळतं. मी बघत राहिले. "तांब्या?" मी म्हटलं. अक्का रडायलाच लागल्या. मी पाणी आणलं, त्या घटाघटा प्यायल्या, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

सुरुवातीला माझा फार गोंधळ व्हायचा. उशी काढली की मला पुरणपोळी वाटायची. चपलेला मी होडी समजले, तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण त्यांचा हात बसत गेला. किसणी, पळी, चिमटा, रॉकेलचा जुना स्टोव्ह. त्यांनी काढलेली केरसुणी बघून आमचे हे म्हणाले होते, "अगं, ही तर झोपल्यासारखी दिसते." खरंच दिसत होती. दिवसभर राबून भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागलेल्या बाईसारखी. मी मात्र चित्र बघितलं की धावायचे. ती वस्तू आणून त्यांच्या हातात द्यायचे. अक्का ती बाजूला ठेवायच्या आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवायच्या. "असं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "हो अक्का, आणली की."

शेवटच्या दिवशी त्यांनी काढलं ते मला ओळखता आलं नाही. एक गोल, पुरता न जुळलेला. त्यातून एक तिरकी रेघ. गोलाच्या एका कडेला पेन्सिल बरीच घासलेली. आम्ही चाळणी आणली. तवा आणला. परात, ताट, आरसा, टेबलफॅनसुद्धा आणला. अक्का मान हलवत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पलंगाभोवती भांड्यांचं दुकान मांडल्यासारखं झालं, आणि मधोमध त्या, कागदावर बोट ठेवून, "असं. असं." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या गेल्या.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, भावकीतली माणसं एकेक करून पुढं होऊन सांगू लागली, "अक्का, तुमचं सगळं नीट करू, शिवा आता." माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, "काहीतरी इच्छा राहिलीय." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं. आता वर्षश्राद्ध परवावर आलंय. गुरुजी म्हणतात, त्यांना हवं असलेलं काही राहून गेलं असेल तर ते दानात ठेवा. राहून गेलंय हे मला माहीत आहे. काय, तेच माहीत नाही.

ओट्यावरचा आवाज पुन्हा येतो.

"मंदे, ही सांडशी इथं कुणी अडकवली?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. पलंगावरून कधी उठले ते कळत नाही. अक्का ओट्यापाशी आहेत, दोन्ही पायांवर उभ्या. अंगावर विटकी हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला. खिडकीतून येणारा उजेड दुपारचा नाही, सकाळचाही नाही. पातळ ताकासारखा आहे.

त्या गेल्यात हे मला माहीत असतं. त्याचं काहीच वाटत नाही. एवढंच वाटतं की आता विचारून घेतलं पाहिजे, पुन्हा सापडायच्या नाहीत.

"किती वेळा सांगितलं, तिला दोन्ही पाय मोकळे लागतात," अक्का सांडशी काढून दुसऱ्या खिळ्याला लावतात. "अशी भिंतीला दाबून टांगली की बिचारी अवघडते. आणि हे काय, पोळपाटाला चीर गेली की. कुणी आपटला?"

"अक्का, तुम्ही बोलताय," मी म्हणते.

"मग काय करू? तुझ्यासारखी तोंडात मूग धरून बसू?"

मी विचारायला तोंड उघडते. अक्का, तुम्ही तेव्हा चाळणी मागत होतात का, असं मला विचारायचं असतं. पण चाळणी हा शब्द येत नाही. दात आहेत, जीभ आहे, शब्द तेवढा नाही. दुसरं काही आठवून बघते. ज्याच्यावर चपाती भाजतात ते. ज्यात कणीक मळतात ते. माझ्यासमोर भिंतभर भांडी टांगलेली आहेत आणि एकाचंही नाव मला येत नाही.

"असं," माझ्या तोंडून निघतं.

अक्का वळून माझ्याकडे बघतात. हसत नाहीत. "झालं का तुलापण?" एवढंच विचारतात, सर्दी झाली का विचारावं तसं. "चल मग. गाडी लागली असेल."

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून त्या बाहेर पडतात आणि मी त्यांच्यामागे. बाहेर बार्शीचा एसटी स्टँड आहे. आमच्या मागच्या दारी तर बोळ आहे, स्टँड कसा आला, असं मनात येतं. पण अक्का झपाझप चालताहेत. फलाटावरच्या बाकांवर माणसांच्या मधूनमधून आमच्या घरची भांडी बसली आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी आमचा कुकर. एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसलीय, आणि तिला खेटून आमचं पिंप. बाळ पिंपात डोकावून बघतंय. कुणाला काही वावगं वाटत नाही. पिंपाची तोटी थेंब थेंब गळतेय आणि मला लाज वाटते, की घरातलं असं चारचौघांत गळतंय.

"तिकीट," कंडक्टर माझ्यापुढं उभा राहतो. "कुठं जायचं?"

मला गावाचं नावही येत नाही. "असं," मी म्हणते.

तो वैतागत नाही. पंच खिशात ठेवतो आणि मला एक कोरा कागद देतो. "काढून दाखवा. सगळे काढूनच दाखवतात."

मी गुडघ्यावर कागद ठेवते. मला कधीच चित्र काढता आलेलं नाही. पेन्सिल हातात जड लागते, मुसळासारखी. कुठं जायचं ते कसं काढतात? मी एक रेघ मारते. ती वाकडी होते. मागे गाडी सुरू होते, धूर येतो. घाईघाईत मी दुसरी रेघ मारते.

अक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघतात. "तू घाई करतेस गं. रेघेला आधी बसू दे." माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्या दाखवतात. डाव्या हातानं.

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघते. तो चांगला धडधाकट आहे, पदर सावरतोय.

"तो बरा झाला की," त्या म्हणतात. "पण चित्राची सवय याला लागलीय. त्याला फक्त लाटणं येतं."

मला हसू येतं, आणि हसतानाच माझ्या लक्षात येतं की मी बाकावर नाही, एका लोखंडी खुर्चीत आहे. पायाखाली दवाखान्याची पांढरी फरशी. समोर टेबल. टेबलापलीकडे ती बोलायला शिकवणारी मुलगी, तिचा तोच निळा कोट. माझ्या शेजारी, जिथं मी बसायचे त्या जागी, अक्का बसल्या आहेत. मांडीवर माझी पर्स.

"यांना काय होतंय?" मुलगी विचारते. मला नाही, अक्कांना.

"हिला बोलता येत नाही," अक्का सांगतात. "पण सगळं कळतं हं तिला. हिच्यासमोर काही बोलू नका."

अगदी हेच मी बोलायचे. हेच शब्द, याच आवाजात. खुर्चीत बसून ऐकताना ते वेगळंच लागतं.

मुलगी माझ्यापुढं पुठ्ठे मांडते. त्यांच्यावर सफरचंद नाही, होडी नाही. सगळी आमच्या घरातली चित्रं, अक्कांनी काढलेली. केरसुणी, किसणी, स्टोव्ह. मी ती कितीदा तरी हातात घेतली आहेत, पण बघताना नेहमी मनात एकच असायचं, हे काय आहे आणि कुठं ठेवलंय. आता नावं नाहीत. नाव नसलं की वस्तू उगाच किती वेळ दिसत राहते. स्टोव्हचे पाय जरासे बाहेर फाकलेले आहेत, नवं चालायला लागलेल्या पोरासारखे. त्याच्या पोटावर एक छोटा उजेडाचा डाग सोडलाय, तिथं पेन्सिल लागूच दिलेली नाही. म्हणजे त्या दिवशी ऊन होतं. म्हणजे अक्कांनी ते बघितलं होतं.

"आजी, तुम्ही काढा आता," मुलगी म्हणते. मला आजी म्हणते याचा मला राग येत नाही.

मी मान वर करते. दाराच्या कडीवर कुणाचा तरी पंचा वाळत घातलाय. ओला आहे. त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब लोंबतंय आणि टोकाशी पाणी जमून जड झालंय. इतकंच. पण माझी नजर तिथून हलत नाही. कडीला तो असा धरून राहिलाय, जसा लहान मूल आईचं बोट धरून पेंगतं. मी तो काढायला लागते. रेघ बसत बसत जाते. लांब टोकापाशी मी पेन्सिल घासते, कारण तिथं तो ओला आहे.

"काढलं हो काढलं!" अक्का टाळी वाजवतात. कागद ओढून घेऊन बघतात. "भूक लागलीय तिला."

मी मान हलवते.

"नाही? मग पांघरूण हवंय. थंडी वाजतेय तिला."

मी जोरात मान हलवते. अक्का उठून धावतात. दारातून परात येते, ताट येतं, गोधडी येते, टेबलफॅन येतो. कुठून कुठून माणसं येतात, आमची भावकी, गल्लीतल्या बायका, हातात डबे, टोपली, खलबत्ता. हे का? हे का? सगळ्यांच्या चेहऱ्यावर किती काळजी, किती माया. आणि त्यांच्या पाठींनी दाराकडचं काही दिसेनासं झालंय. मी वाकून, मान उंचावून बघायला धडपडते. मला काही नकोय, मला सांगायचं असतं. मला ते दिसतंय. फक्त दिसतंय हो. तुम्हीही बघा. पंचा वाळेल, मग राहायचा नाही असा.

"असं!" मी ओरडते. "असं! असं!"

वारा सुटतो. दवाखान्याला छप्परच नाही.

मी घाटाच्या पायरीवर बसले आहे. खाली पाणी थोडंसं, शेवाळलेलं. पलीकडच्या भिंतीवर कावळे ओळीनं बसलेत, शाळा भरल्यासारखे. पुढ्यात पत्रावळ, तिच्यावर भाताचा गोळा. माणसं कुणी नाहीत. अक्का एक पायरी खाली, पाण्यात पाय सोडून बसल्यात.

माझी जीभ सैल झाल्यासारखी वाटते. भीत भीत म्हणून बघते, "चाळणी."

शब्द येतो. पाठोपाठ सगळे येतात, धरण फुटावं तसे. "चाळणी होती का ती, अक्का? का तवा होता? आरसा होता का? शेवटच्या दिवशी तुम्ही काय मागत होतात? आम्ही सगळं आणलं. तुम्ही मान हलवत राहिलात. दहाव्याला कावळा शिवला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्ष झालं, घास तोंडात घेताना मला तो गोल दिसतो."

"कावळ्याचं काय घेऊन बसलीस?" अक्का मागं वळून भिंतीकडे बघतात. "भात गरम असेल. चोच भाजून घ्यायला तो काय खुळा आहे?"

"चेष्टा करू नका."

"बरं." अक्का पाण्यात पाय हलवत राहतात. मग म्हणतात, "मागत नव्हते गं मी."

"मग?"

"दाखवत होते."

"काय?"

अक्का आठवायला लागतात. कपाळाला आठ्या घालतात, बोटानं हवेत गोल काढतात, न जुळलेला, त्यातून तिरकी रेघ. मी श्वास रोखून त्यांच्या बोटाकडे बघते. आता सांगतील, आता सांगतील.

"विसरले," त्या म्हणतात.

"काय?"

"आठवत नाही बाई. छान दिसत होतं, एवढं आठवतंय."

मला इतका राग येतो की मी उभीच राहते. "छान दिसत होतं? अक्का, आम्ही सगळं घर उपसलं! यांनी माळ्यावरून जुनं घंगाळं काढलं, त्यात पाठीत चमक भरली त्यांच्या. मी रडत होते तुमच्यासमोर. आणि तुम्ही... छान दिसत होतं?"

अक्का हसायला लागतात. अंग गदगदा हलवून, पदरानं डोळे पुसत, आधी हसायच्या तशा. "घंगाळं तेवढं बघण्यासारखं होतं हो. किती वर्षांनी खाली आलं! मी मनात म्हटलं, बरं झालं हिला कळत नाहीये ते. अजून आणू दे."

मीसुद्धा हसत असते. कधी सुरू झालं कळत नाही. हसता हसता रडू येतं, आणि ते पुसायला पदर शोधते तर हाताला मोरीचा कठडा लागतो.

घरची मोरी. खाली बसायला पाट. पायऱ्या होत्या तिथं घासलेली भांडी पालथी घातलेली, निथळत असलेली. पाणी फरशीवरून वाट काढत चाललंय. अक्का माझ्या शेजारी पाटावर बसल्यात, इतक्या जवळ की त्यांच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येतोय.

"मग तुमचं काहीच राहिलं नाही?" मी हळूच विचारते.

"राहिलं की. बरंच राहिलं. ही बशी राहिली काढायची. कपबशीतली नव्हे, फुटक्या कपाची एकटी उरलेली. त्यांना एक वेगळंच तोंड असतं." त्या भांड्यांच्या ढिगात हात घालतात. "पण ते काय कुणी दानात देऊन मिळतं का?"

ढिगातून त्या झारा काढतात. तळणीतला, लांब दांड्याचा. त्याच्या भोकाभोकांत पाणी अडकलंय, प्रत्येक भोकाला एकेक भिंग बसवल्यासारखं. अक्का तो खिडकीच्या उजेडाकडे धरतात, एकदा फुंकर घालतात. पाणी उडतं आणि उजेडाचे ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर येऊन बसतात, कपाळावर, नाकावर, सुरकुत्यांत. त्या डोळे मिटून घेतात.

"दिसतंय का?" विचारतात.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

मी सांगायला जाते आणि थांबते. शब्द आहेत आता माझ्याजवळ, सगळे आहेत. पण त्यातला कुठला इथं ठेवायचा ते कळत नाही. "तुम्ही हलू नका," मी म्हणते.

"मी कुठं हलतेय?" पण उजेड हलतोय. ठिपके एकेक करून त्यांच्या गालावरून घसरून पदरावर, पदरावरून फरशीवर चाललेत. अक्का डोळे उघडतात. माझा डावा हात ओढून घेतात, पालथा असतो तो उताणा करतात आणि झाऱ्याची थंडगार चकती तळव्यावर दाबतात. वरून माझी बोटं मिटवतात. स्वतःच्या दोन्ही हातांनी ती मूठ आवळून धरतात, उजव्यानंही.

"धर घट्ट. अजून घट्ट. निसटतं लगेच."

"अक्का, दुखतंय."

"दुखू दे. मंदे, ऐक..."

त्यांचे ओठ हलतात, पण पंख्याच्या आवाजात मला पुढचं ऐकू येत नाही. पंखा शेजारच्यांच्या घरात असतो, मग बाहेरच्या खोलीत, मग माझ्या डोक्यावर.

"मंदा. अगं मंदा, उठतेस का? चहाची वेळ झाली."

मी भिंतीकडे तोंड करून पडले आहे. उशी ओली आहे. हे पलंगाशी उभे आहेत, हातात मोबाइल. "गुरुजींचा फोन होता. दानाला काय ठेवायचं ते ठरलं का विचारत होते. राहून गेलंय ते काय, कळलं का म्हणाले."

मला बोलायला वेळ लागतो. तोंडात शब्द आहेत की नाहीत ते आधी चाचपून बघते.

"काही राहिलं नव्हतं त्यांचं," मी म्हणते. "नेहमीचं ठेवू. धोतरजोडी, शिधा. त्यांना सांगा, काही राहिलं नव्हतं."

"तुला कसं कळलं?"

काय सांगणार? मलाच कळलंय की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या त्या गोलात काय होतं ते तर आता कधीच कळायचं नाही. मी उठून बसते आणि डावी मूठ उघडत नाही असं माझ्या लक्षात येतं. बोटं आखडली आहेत. उजव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं.

तळव्यावर ठिपके उमटलेत. लालसर, थोडे वर आलेले. मधे एक, त्याच्याभोवती गोल, त्या गोलाभोवती आणखी गोल, आणि सगळ्यांना घेरणारी एक बारीक कड. मी पांघरूण झटकते. उशी उचलते. पलंगावर काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन बघते, झारा त्याच्या खिळ्याला आहे. कोरडा ठणठणीत. सकाळपासून तळणच नाही केलेलं.

हे मागोमाग येतात. माझा हात धरून चष्मा वर करून बघतात. "घामोळं आलंय की काय? पावडर लावतेस?"

"पेन्सिल कुठंय?"

"पेन्सिल?"

"लवकर द्या. आणि कागद. कसलाही चालेल."

ते बाहेरच्या खोलीत जाऊन पेपराबरोबर आलेली कसलीशी जाहिरात आणि शब्दकोड्याची पेन्सिल घेऊन येतात. मी खिडकीशी, जमिनीवरच बसते. डावा हात उजेडात मांडीवर पसरते आणि काढायला लागते. पहिला ठिपका. रेघ नाहीच इथं, नुसते ठिपके. करंगळीच्या बाजूचे ठिपके विझायला लागलेत. तिकडचे आधी घ्यावेत का मधले, मला ठरवता येत नाही. कडेचा एक तर अर्धाच उरलाय, तो मी अर्धाच काढते. अर्धाही चांगला दिसतो.

हे माझ्यासमोर उभे आहेत. त्यांना काही उमगत नाही आणि त्यांना माझी काळजी वाटतेय, दोन्ही त्यांच्या तोंडावर स्पष्ट आहे.

"मंदा, काय झालंय तुला? काय हवंय? चहा ठेवू का? पाणी आणू?"

"काही नको," मी म्हणते. "उजेड सोडून असे इकडे बसा. आणि बघा."